तार पुसायची का?

४ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. ते निदान तुझ्या दारात पडून राहील. आई गेली तेव्हा तू आली नाहीस, त्यावर मला जे बोलायचं होतं ते मी तेव्हाच बोलून बसले. आज ते उकरून काढायला लिहीत नाही. बातमीच तशी आहे.

आईनं मागच्या खोलीत एकेक वस्तू हलवून हलवून काढलेल्या सातही फिल्म नव्या होऊन येताहेत. जुन्या, हरवल्यासारख्या फिल्म शोधून त्यांच्या डिस्क काढणारी एक छोटी कंपनी आहे. तिला आईच्या कॅमेरामनच्या घरी मूळ निगेटिव्ह सापडली. त्याच्या मुलांनी ती थंड खोलीत जपून ठेवली होती. आता फ्रेम न् फ्रेम साफ करून सातही फिल्म एका पेटीत येणार आहेत.

मी इतकी वर्षं काय काय जमवलंय ते तुला माहीत आहे. एका टेपमध्ये चित्राला हिवताप भरल्यासारखं वाटतं. एका परदेशी डिस्कवर कोणीतरी टीव्हीवरून उतरवलेली कॉपी आहे, कोपऱ्यात चॅनलचं चिन्ह, आणि शेवटच कापलेला. हातमोजे पाव खातात ती फिल्म माझ्याकडे चार तऱ्हांची आहे आणि चारही तऱ्हा वाईट. तुझे भावोजी म्हणतात, अजून एक फळी ठोकलीस तर मी स्वयंपाकघरात अंथरूण टाकतो. आता हे सगळं काढून टाकता येईल. अंड्यातून कात्री निघते, कवळी पत्रं चावत बसते, ओव्हरकोट बटणं गाळत जिना चढतो, हे सगळं आईनं पाहिलं होतं तसं लख्ख दिसेल. आणि ‘कपाट’. तीच तर लोकांना हवी असते. कपाटात कोटांच्या मधोमध उभी असलेली तू, वर उचललेला हात, आणि तळहातावर काड्यापेटीच्या काड्यांचा आपोआप चढत जाणारा जिना.

आईनं हक्क दोघींच्या नावावर ठेवलेत, म्हणून तुझीही सही लागते. कागद सोबत आहे. महिनाअखेरपर्यंत पाठव. उगाच अडून बसू नकोस.

तुझी,
ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

सहा फिल्मांना माझी हरकत नाही. ‘कपाट’ त्यातून काढ, नवा कागद पाठव, मी त्याच दिवशी सही करते.

का, ते तुला ठाऊक आहे. तिनं माझा हात तारेनं बांधला होता. मी चार वर्षांची होते. मला ते चित्र कोणाच्याही घरात नको आहे. लख्ख तर मुळीच नको.

बाकी ठीक. पोहण्याच्या तलावावर नव्या तुकड्या सुरू झाल्यात, सगळी पाण्याला भिणारी मुलं माझ्या वाट्याला. भावोजींना नमस्कार.

ठमी


१९ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

तुझं पत्र वाचून हसावं की डोकं आपटावं ते कळेना. पुन्हा तीच तार.

मी ‘कपाट’ किती वेळा पाहिली असेल याचा हिशेब नाही. तार कुठेही नाही. मी थांबवून थांबवून पाहिलंय, कारण तू पहिल्यांदा हे बोललीस तेव्हा मलाही झोप लागली नव्हती. आईला मी विचारलंही होतं. ती म्हणाली, “तारबीर काही नव्हती. ती लहानपणापासून स्वप्नं पाहते आणि खरी मानते.” आई चमत्कारिक होती, कबूल. आपल्या बाहुल्यांचे डोळे काढून तिनं चमच्यांना लावले, आपण आठवडाभर चमच्यांशी बोलायला घाबरत होतो. पण ती क्रूर नव्हती. मागच्या खोलीत आपण तिच्यासोबत किती खिदळायचो ते तू विसरलीस का? मला तेच आठवतं.

कंपनीच्या मालकीणबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, ‘कपाट’ नसेल तर पेटी काढण्यात अर्थ नाही, ते मीठ नसलेलं जेवण होईल. म्हणजे सातही किंवा एकही नाही. आईचं सगळं आयुष्य त्या मागच्या खोलीत गेलं आणि ते तुझ्या एका आठवणीपायी पुन्हा अंधारात जायचं, हे तुला पटतं का? लहानपणी दिवा गेला की तू म्हणायचीस, भिंत पुढे येतेय. भिंत आली होती का पुढे?

विचार कर आणि सही पाठव.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

एकदाच लिहिते. परत विचारू नकोस.

त्या दिवशी तू शाळेत होतीस, कॅमेरामनही आला नव्हता. आईनं मला कोटांच्या मध्ये उभं केलं. हात वर धर म्हणाली. मी धरला. ती एक काडी हलवायची, कॅमेऱ्याकडे जायची, परत यायची, दुसरी काडी हलवायची. दिव्यांची धग लागत होती. हात खाली आला की सगळ्या काड्या पडायच्या आणि ती काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून लावायची. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिनं बारीक तार आणली. मनगटाला गुंडाळली आणि वर कुठेतरी अडकवली. मला वाटलं खेळ आहे. नंतर मला बाथरूमला जायचं होतं. मी सांगितलं. ती म्हणाली, थोडंच राहिलंय.

किती वेळ ते मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की मी आजही घरात कुठल्याच खोलीचं दार पूर्ण लावून घेत नाही. माझी मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा मी तिचं मनगट हातात धरून बसले होते. दोन बोटांत मावत होतं.

तू आईच्या उशाशी उभी राहून, माझ्या नवऱ्यासमोर मला म्हणालीस, की हिला लक्ष वेधून घ्यायला गोष्टी रचायची सवय आहे. आणि आई डोळे मिटून पडून राहिली. तिनं एक शब्द काढला नाही. म्हणून मी नंतर आले नाही.

सही नाही.

ठमी


२० मार्च

प्रिय ठमे,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. दुकानात माल मोजायचा होता, आणि सर्दीतापाचे दिवस म्हणजे औषधाच्या दुकानात श्वास घ्यायलाही फुरसत नसते. तू लिहिलंस ते वाचलं. त्यावर काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून लिहीत नाही.

एवढंच सांगते, कंपनीचं काम मार्गी लागलं. तुला त्रास होऊ नये अशी व्यवस्था झाली आहे. तू आता त्याचा विचार करू नकोस.

मी त्यांच्या लॅबमध्ये जाऊन आले. तळघरात एक खोली, पडदे ओढलेले, आणि समोर खिडकीएवढा स्क्रीन. काम करणारा माणूस मान पुढे काढून बसलेला असतो, शिंप्यासारखा, म्हणून मी त्याला शिंपी म्हणते. तो एकेक फ्रेम घेतो, धूळ, ओरखडे, बुरशीचे ठिपके काढतो. चमच्यांची फिल्म त्यानं दाखवली. ठमे, मला रडू आलं. चमच्याच्या पाठीत खोलीची खिडकी दिसते, आणि खिडकीत आपली दोरीवरची चादर.

एक गंमत सांगते. चित्र इतकं स्वच्छ झालंय की चमचे ज्या दोऱ्यांना आणि तारांना लटकवले होते त्याही दिसायला लागल्या. शिंपी म्हणाला, “ताई, तार पुसायची का? मालकीणबाई म्हणाल्या, घरच्यांना विचारा.” मी म्हटलं, सगळ्या फिल्मांतल्या सगळ्या तारा पुसा. तारा लपवण्यातच आईचं आयुष्य गेलं, त्या आता दिसल्या तर ती वरून खाली येऊन तुमचे कान उपटेल.

जपून राहा. लेकीला पापा.

ताई


२ एप्रिल

ताई,

मला कंपनीचं आभाराचं पत्र आलं आहे. ‘कपाट’सह सातही फिल्मांना संमती दिल्याबद्दल त्या बाई माझ्या ऋणी आहेत. सोबत माझ्या संमतीची प्रत आहे. माझी सही माझ्यापेक्षा चांगली आली आहे. शेवटचं वळण मला कधीच इतकं नीट जमत नाही. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तुझा हात बसलाय.

आज तलावावर एक मूल कठड्याला धरून बसलं होतं, काही केल्या सोडेना. दुसरी शिक्षिका म्हणाली, हात ओढून घे, एकदा पाण्यात पडलं की पोहायला लागेल. मी तिच्यावर इतकी ओरडले की सगळा तलाव थांबला.

येत्या सोमवारपर्यंत तू स्वतः जाऊन त्यांना सांग की सही कोणाची आहे. पत्रानं नाही, फोननं नाही, समोर उभी राहून. नाहीतर मंगळवारी मी वकिलाकडे जाते आणि तिथून चौकीत. तुझं दुकान, तुझं नाव, भावोजींची झोप, कशाचीही मी पर्वा करणार नाही. तू माझी केलीस का?

हे पत्र भावोजींना दाखव, नाहीतर मी दाखवेन.


९ एप्रिल

ठमे,

तुझं पत्र मी भावोजींना दाखवलं. त्यांनी ते वाचून घडी घातली, चपला घातल्या आणि म्हणाले, चल, मी येतो, पण आत तू एकटी जायचंस.

मालकीणबाई कुठेतरी बाहेर होत्या, तासाभरात येतील असं कळलं. मी तळघरात जाऊन बसले. मनात शब्द जुळवत होते. खरं सांगते, तुझ्यावरचा राग गेला नव्हता. सही मी केली हे सांगायचं, पण तुझा हट्टही सांगायचा, असं माझं चाललं होतं.

शिंपी कामात होता. स्क्रीनवर ‘कपाट’ होती. मला बघून खुशीत म्हणाला, “बरं झालं आलात. ही जवळजवळ झालीच. यात तार एकाच ठिकाणी होती, पण तिनं जीव काढला. अंगाला लागून आहे ना, कातडी पुन्हा भरून काढावी लागते.”

मी विचारलं, कोणाच्या अंगाला. त्यानं डाव्या बाजूला मूळ चित्र लावलं आणि उजव्या बाजूला त्याचं साफ केलेलं. ठमे, तू सांगितलंस तसंच होतं. मनगटाला तीन वेढे. तारेच्या दोन्ही बाजूंना कातडी फुगून वर आलेली. टेपवर तिथे बाहीची सावली वाटायची. मी ती सावली थांबवून थांबवून पाहिली होती.

“ही कशाला बांधली असेल?” मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

“हात पडू नये म्हणून. वर कपाटाच्या हुकाला अडकवलीय,” तो म्हणाला. मग त्याला आपलं कसब दाखवायचं होतं म्हणून त्यानं फिल्म पुढे मागे केली. “हे बघा, सुरुवातीला तार सैल आहे. पुढे पुढे ताणत जाते. म्हणजे मुलीनं हात केव्हाच सोडून दिलाय. पुढचा सगळा वेळ हात तारेनंच धरलाय.”

शेवटी तुझे डोळे मिटतात ती जागा आठवते ना? लोकांनी तिच्यावर किती लिहिलंय. स्वप्न बघणारं मूल, हात आभाळात. घरी पाहुणे आले की मी ती जागा लावून दाखवायचे. तेव्हाही तार तशीच ताठ आहे. तू झोपलेली नाहीस. तू तारेवर लटकली आहेस.

मी त्याला म्हटलं, थांबवा. तो म्हणाला, थोडंच राहिलंय. मी उठून स्क्रीनसमोर उभी राहिले आणि म्हटलं, ती मुलगी माझी बहीण आहे. त्यानं हात कीबोर्डवरून असे उचलले, जणू चटका बसला. नंतर मी विचारलं की मूळ चित्र पुसलं गेलंय का. तो म्हणाला, नाही, मूळ तसंच ठेवलेलं असतं.

मालकीणबाई आल्या. मी सांगितलं, सही माझी आहे, बहिणीनं ‘नाही’ म्हटलं होतं. त्या खूप बोलल्या. वकील बघून घेतील म्हणाल्या, आईचं नाव काढायची माझी लायकी नाही म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. सगळं काम थांबवलंय.

तू खरं सांगत होतीस. आई खोटं बोलली. मी तिची बाजू घेऊन तुला खोटं पाडलं, ते आजारी माणसाच्या खोलीत, तुझ्या नवऱ्यासमोर. याला माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. वकिलाकडे जायचं असेल तर जा. मी नाकारणार नाही.

ताई


१४ एप्रिल

ताई,

वकिलाकडे अजून गेले नाही.

मला ते बघायचं आहे. शनिवारी येते. लॅबवाल्यांना कळव. खोलीत तो माणूस सोडून कोणी नको, आणि दार उघडं राहिलं पाहिजे. तू यायचं नाहीस. आलीसच तर बाहेर रस्त्यावर थांब.

ठमी


२६ एप्रिल

ताई,

शनिवारी तू समोरच्या फुटपाथवर उभी होतीस ते मी पाहिलं. ऊन होतं. सावलीत उभं राहायचं ना. मला तुझ्याशी बोलता आलं नसतं, म्हणून मागच्या जिन्यानं निघून गेले. इतका वेळ तू तिथे का थांबलीस ते माझ्या लक्षात आलं आहे. पण आज त्याबद्दल नाही लिहीत.

तुझ्या शिंप्यानं दार उघडं ठेवलं, आत पाचर लावून. माझ्याकडे बघतही नव्हता. म्हणाला, सांगाल तिथे थांबवतो. मी एकदाही थांबवायला सांगितलं नाही.

मला वाटलं होतं मला भीती वाटेल. वाटली नाही. मला ती मुलगी फार लहान वाटली. इतक्या वर्षांत माझ्या आठवणीत मी माझ्याएवढीच होते, कपाटात अडकलेली मोठी बाई. ती तर एवढीशी आहे. माझ्या तुकडीत ती आली असती तर मी तिला पहिल्या पायरीवर बसवून नुसते पाय हलवायला सांगितले असते.

फिल्ममध्ये कधीच न आलेला एक तुकडा त्यानं दाखवला. निगेटिव्हवर होता, कॅमेरा चालू राहिलेला, म्हणून आईनं वगळलेला. काड्यांचा जिना पुरा झालाय आणि बाजूनं आईचा हात येतो. हातात रुमाल आहे. ती माझं नाक पुसते, गालही पुसते, अगदी हळू. मग हात निघून जातो आणि पुढची फ्रेम येते, त्यात एक काडी सरकलेली आहे. नाक पुसलं, तार सोडली नाही. ती अशीच होती, ताई. तू म्हणतेस ती क्रूर नव्हती आणि मी म्हणते तिनं मला बांधलं. दोन्ही त्या एका तुकड्यात आहे. मी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला, फक्त एकदा.

मालकीणबाई वर वाट बघत होत्या. त्यांनी वकिलाचं नाव काढलं नाही. उलट म्हणाल्या, तार दिसू द्या, तशीच फिल्म काढू, सोबत तुमची मुलाखत घेऊ, लोकांना खरं कळेल, तुम्हाला न्याय मिळेल. चांगल्या मनानंच म्हणत असतील. मला क्षणभर पटलंही. घरी येताना गाडीत सगळा वेळ तोच विचार होता.

माझं उत्तर असं आहे. त्या मुलीला कोणी विचारलं नव्हतं. हात वर धरशील का, बांधू का, लोकांना दाखवू का, काहीच नाही. आता पहिल्यांदा विचारलंय. तर उत्तर ‘नाही’ आहे. तार पुसून नाही आणि तार ठेवूनही नाही.

पुसलेली जी कॉपी झाली आहे ती त्यांनी काढून टाकावी. मूळ निगेटिव्ह जाळू नका, होती तशी डब्यात राहू दे. झालं ते झालं नाही असं मला नकोच आहे.

बाकी सहांवर त्यांना काढायची असेल तर पेटी काढू दे. माझी खरी सही सोबत पाठवते. शेवटचं वळण बिघडलंय, त्यावरून ओळखतील.

ठमी


१८ ऑगस्ट

प्रिय ठमे,

पेटी आली. बाई आधी नाही नाही म्हणत होत्या, मग सहा फिल्मांची काढली. खोकी आधीच छापून झाली होती, म्हणून सातवी जागा तशीच रिकामी आहे, गोल खाचेत काही नाही. वर छापलेल्या नावांतलं एक नाव काळ्या पट्टीनं झाकलंय.

लोकांची पत्रं येताहेत, काही मला थेट दुकानात. संग्राहक म्हणवणारे एक गृहस्थ काउंटरवर येऊन अर्धा तास हुज्जत घालून गेले. आईच्या सर्वात मोठ्या कामाचा मी गळा घोटला म्हणाले. कारण काय, ते मी कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. म्हटलं, घरच्यांची इच्छा नाही. ते म्हणाले, घरचे म्हणजे कोण? मी म्हटलं, माझी बहीण. आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घेतली.

चमच्यांची फिल्म मी अजून पाहिली नाही. पेटी उघडून ठेवली आहे. बघावीशी वाटते आणि हात पुढे होत नाही. आई मला अजून आवडते, ठमे. हे तुला लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. पण आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय.

मला तुला भेटायला यायचं आहे. पुढच्या रविवारी येऊ का? पूर्वी मी अशी विचारत नव्हते, नुसती येऊन धडकायचे, बॅग दारात टाकून. आता विचारते आहे. ‘नको’ लिहिलंस तरी चालेल, मी पुन्हा कधीतरी विचारीन. उत्तर आल्याशिवाय गाडीत बसणार नाही.

तुझी,
ताई


२३ ऑगस्ट

ताई,

ये.

पण घरी नको, अजून नको. तलावावर ये. लहान मुलांची तुकडी दहाला सुटते. तू थोडी आधी ये आणि कठड्यापाशी बस, तुझ्यासाठी खुर्ची ठेवायला सांगते. पाण्याला भिणारं ते मूल अजून कठडा सोडत नाही. मी रोज त्याच्याशेजारी पाण्यात उभी राहते, आणि आम्ही दोघं वाट बघतो.

ठमी